कॅमशाफ्ट नवीन टाकला आणि इंजिन चालूच होईना (५ एचपी डिझेल, पाण्याचं इंजिन)

पंचगंगाकाठ

राम राम मंडळी, जरा अडलोय म्हणून लिहितोय. गाव प्रयाग चिखलीच्या बाजूला, शेत नदीला लागून. पुराच्या आधी मोटर वर काढून ठेवली होती पण स्टार्टरची पेटी आणि केबल पाण्यात गेलीच, ते सगळं होऊन लाईट सुरळीत व्हायला अजून वेळ आहे आणि इकडं पूर्वहंगामी लागण करून बसलोय, ८६०३२ जातीच्या उसाची रोपं आहेत, त्यांना आता पाणी पाहिजेच. म्हणून आजोबांच्या वेळचं इंजिन बाहेर काढलं. एक सिलिंडर, ५ एचपी, १५०० आरपीएम, पाण्यावर थंड होणारं, हँडलनं चालू करायचं. चाललं, पण दम नव्हता, लोड घेतला की काळा धूर आणि गचके. खोललं तर कॅमशाफ्टवर (व्हॉल्व्ह आणि डिझेल पंप उचलणारा, उंचवटे असलेला दांडा) डिझेल पंपाला उचलणारा जो कॅम असतो तो झिजून त्यावर खड्डे पडलेले.

उद्यमनगरातून नवीन कॅमशाफ्ट आणला, गिअर बसवलेलाच मिळाला, कॅमवर टेकून वर-खाली होणारे टॅपेटपण नवीन घेतले. गावातल्या मिस्त्रींनी बसवलं. तेव्हापासून चालू व्हायचं नाव नाही. हँडल जोरात फिरवून डीकॉम्प्रेशनची लिव्हर (उचलली की आतला दाब सुटून हँडल हलकं फिरतं ती) सोडली की सायलेन्सरातून पांढरा धूर येतो, मधेच एखादा फट्ट असा आवाज, की संपलं. मिस्त्री म्हणतात पंप आणि नोझल दोन्ही नवीन टाका. मला हे पटत नाही, कारण कॅम बदलायच्या आधी ह्याच पंपावर इंजिन चालत होतं की. पैसे घालायच्या आधी कुणी जाणकार सांगा काय काय तपासू.

लेथवाला_शिरोली

पंप नोझल अजिबात घेऊ नका अजून. पांढरा धूर म्हणजे डिझेल आत जातंय पण पेट घेत नाही, न जळलेलं डिझेल वाफ होऊन बाहेर पडतंय. धूरच नसता तर मी म्हटलो असतो डिझेल पोचत नाही, एअर धरलीय, रॅक (पंपातली डिझेल कमी-जास्त करणारी पट्टी) अडकलाय वगैरे. तुमच्याकडं पेटण्याचा प्रॉब्लेम आहे आणि डिझेल पेटायला दोनच गोष्टी लागतात, हवा पुरेशी दाबून गरम झाली पाहिजे आणि डिझेल योग्य वेळेला पडलं पाहिजे. ह्या दोन्ही गोष्टी कॅमशाफ्टच्या हातात असतात आणि तुम्ही तोच बदललाय.

आधी एक सांगा, लिव्हर न उचलता हळूहळू चाक फिरवलं तर कॉम्प्रेशन लागतंय का? म्हणजे चाक उलटं ढकलल्यासारखं होतं का? आणि टॅपेटचा गॅप, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली फट, कुणी बघितला का नाही.

रंकाळ्यावरचा

सरळ १८० आऊट आहे हे. माझ्या जुन्या पेट्रोल गाडीला हेच झालतं, कॅम बदलल्यावर स्टार्टर फिरतोय फिरतोय, गाडी काय उठेना, शेवटी डिस्ट्रिब्युटर अर्धा फेरा फिरवून बसवला आणि पहिल्या सेल्फला चालू. तुमचा पिस्टन वर येतोय तेव्हा एक्झॉस्टचा स्ट्रोक चालू असणार, कॅम अर्धा फेरा फिरवून परत घाला भावा.

आजरा_घनसाळ

आमच्याकडं थंडीत असलं इंजिन उठलं नाही की फडक्याचा बोळा डिझेलमधे भिजवून पेटवून हवेच्या तोंडाला धरतात, दोन हँडलात उठतंय. करून बघा एकदा.

उद्यमनगरी_काका

बोळा बिळा काही नको. थंड असलेलं पण टायमिंग बरोबर असलेलं इंजिन बोळ्यानं उठतं हे खरं आहे, माझ्या डोळ्यादेखत उठलेलं आहे. पण इथं टायमिंगचीच शंका आहे. अशा वेळी गरम हवा आत गेली आणि डिझेल नको त्या वेळेला पेटलं तर चाक उलटं मारतं, हँडल हातात असेल तर मनगट गेलं म्हणून समजा. मी कारखान्यात इंजिन टेस्टिंगला होतो, हँडलनं हात मोडलेली माणसं बघितलीत. पंचगंगाकाठ, हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मूठ आवळून अंगठा पलीकडं घ्यायचा नाही. झटका आला तर हँडल हातातून सुटलं पाहिजे. ईथरचा स्प्रे पण मारू नका कुणी सांगितलं तरी.

आयटीआयवाली

रंकाळ्यावरचा दादा, तुमच्या गाडीचं तुम्ही सांगताय ते बरोबर आहे, पण ह्या इंजिनाला ते लागू होत नाही आणि ह्यावरून वर्गात दरवर्षी वाद होतो म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कॅम क्रँकच्या (पिस्टन ज्याला जोडलेला असतो त्या मुख्य दांड्याच्या) निम्म्या वेगानं फिरतो. म्हणजे क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक. पिस्टन दोन्ही फेऱ्यांत वर येतो, एकदा कॉम्प्रेशनला एकदा एक्झॉस्टला, पण क्रँकला आणि पिस्टनला स्वतःला माहीत नसतं की हा कुठला फेरा. ते ठरवतो कॅम. आता ह्या इंजिनात इनलेटचा कॅम, एक्झॉस्टचा कॅम आणि डिझेल पंपाचा कॅम तिन्ही एकाच शाफ्टवर आहेत. शाफ्ट अर्धा फेरा फिरवून घातला तर तिन्ही एकदमच सरकतात, मग जो फेरा आधी एक्झॉस्टचा होता तो कॉम्प्रेशनचा होतो, आणि डिझेलसुद्धा त्याच नव्या कॉम्प्रेशनला पडतं. इंजिनाला काही फरकच कळत नाही. खुणा त्या क्षणी जुळल्यासारख्या दिसणार नाहीत, क्रँकचा एक फेरा झाला की परत जुळतील, आणि इंजिन चालेल.

गाडीत तसं नसतं, कारण स्पार्क देणारा डिस्ट्रिब्युटर वेगळा बसवता येतो, तिथं कॅम एका फेऱ्यात आणि स्पार्क दुसऱ्या फेऱ्यात असं होऊ शकतं. इथं "१८० आऊट" नावाची चूक होऊच शकत नाही. इथं होते ती एक दोन दात चुकल्याची चूक.

रंकाळ्यावरचा

हे असं कधी डोक्यात आलंच नव्हतं ताई. पटलं.

पंचगंगाकाठ

सगळ्यांचे आभार, एवढ्या लगेच उत्तरं येतील वाटलं नव्हतं. लेथवाला दादा, कॉम्प्रेशन लागतंय पण पूर्वीसारखं नाही, आधी चाक अडून मागं यायचं, आता जोर लावला की सुस्कारा टाकल्यासारखा आवाज येऊन पुढं जातंय. टॅपेट गॅप मिस्त्रींनी अंदाजे हातानं हलवून ठेवलाय, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) नव्हतं. खुणांबद्दल विचारलं तर म्हणाले दोन्ही गिअरचे डॉट जुळवूनच शाफ्ट आत सारलाय. मग दात चुकायचा कसा?

लेथवाला_शिरोली

गिअरचे दात सरळ आहेत का तिरके?

पंचगंगाकाठ

तिरके.

लेथवाला_शिरोली

मग तिथंच गोम असायची दाट शक्यता आहे. तिरक्या दातांचा गिअर आडवा आत सरकवताना तो दातांच्या उतारानं फिरत फिरत जातो. तोंडाशी डॉट समोरासमोर दिसत असतात, शाफ्ट पूर्ण आत बसेपर्यंत कॅम थोडा फिरलेला असतो, आणि सरकवताना जरा मागंपुढं झालं की सहज दुसऱ्या दातात शिरतो. म्हणून मुरलेला माणूस घालताना खूण जरा आधीची धरतो, शाफ्ट पूर्ण बसल्यावर बॅटरी लावून परत डॉट बघतो आणि मगच कव्हर लावतो. कव्हर लावताना परत बघितलं होतं का विचारा. शिवाय नवीन गिअरवरचा डॉट बरोबर जागी मारलेला असेलच ह्याची खात्री मी तरी देणार नाही, शाफ्टवर गिअर चावीत दाबताना गडबड झालेले पीस माझ्याकडं येतात.

आयटीआयवाली

खुणेवर विसंबून राहायची गरजच नाही. कव्हर न खोलता इंजिनाकडूनच काढून घेता येतं टायमिंग बरोबर आहे का. नीट वाचा, घाई करू नका.

एक्झॉस्टचा स्ट्रोक संपतो आणि इनलेटचा सुरू होतो त्या टॉपला (पिस्टन अगदी वर असताना) थोडा वेळ दोन्ही व्हॉल्व्ह किंचित उघडे असतात, एक्झॉस्ट बंद होत असतो आणि इनलेट उघडायला लागलेला असतो. ह्या जातीच्या साध्या इंजिनांत हा काळ टॉपच्या दोन्ही बाजूला जवळजवळ सारखा वाटलेला असतो. म्हणजे इनलेट टॉपच्या जरा आधी उघडायला लागला पाहिजे आणि एक्झॉस्ट टॉपच्या जवळपास तेवढाच नंतर बंद झाला पाहिजे. नेमके अंश तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात असतील, नसले तरी एक दात चुकलाय का नाही एवढं ह्यावरून कळतंच.

आधी टॅपेट गॅप लावा, इंजिन थंड असताना, कॉम्प्रेशनच्या टॉपला दोन्ही रॉकर मोकळे असताना, फिलर गेजनं, पुस्तकातल्या आकड्याला. गॅप चुकीचा असेल तर पुढचं सगळं मोजमाप चुकेल. आणि गॅप शून्य असेल तर व्हॉल्व्ह बसतच नाही, तुमचा तो सुस्कारा त्याचाही असू शकतो. डीकॉम्प्रेशनची लिव्हर पूर्ण सुटतेय आणि एक्झॉस्टच्या रॉकरला टेकून राहत नाही हेही बघून घ्या.

मग चाकाचा घेर टेपनं मोजा. भागिले ३६०. तेवढ्या लांबीला क्रँकचा एक अंश. चाकावर टॉपची खूण असते, तिच्यासमोर इंजिनाच्या बॉडीवर एक तार पक्की बांधा, काटा म्हणून. आता चाक चालायच्या दिशेनं हळू हळू फिरवायचं, लिव्हर खाली, दुसऱ्या माणसानं पुशरॉड (टॅपेटवरून रॉकरला उचलणारी काडी) दोन बोटांत धरून फिरवत राहायचं. जिथं इनलेटचा पुशरॉड फिरायचा थांबून घट्ट होतो तिथं तारेसमोर चाकावर खडूनं रेघ. जिथं एक्झॉस्टचा पुशरॉड घट्टचा मोकळा होतो तिथं दुसरी रेघ. दोन्ही रेघा टॉपच्या खुणेपासून किती सेंटिमीटर आणि कुठल्या बाजूला ते इथं लिहा. कॅम गिअरचे दात किती तेही.

फिरवताना कुठं कडक अडलं तर जोर लावायचा नाही. दात चुकलेला असेल तर टॉपला व्हॉल्व्ह जास्त उघडा राहून पिस्टनला टेकू शकतो.

उद्यमनगरी_काका

ताईंनी सांगितलंय त्यात एकच भर. दोन्ही पुशरॉड काढून काचेवर लोळवून बघा, वाकडा असेल तर टकटक करतो. टेकाटेकी झाली असेल तर आधी तोच वाकतो. आणि चाकावरची टॉपची खूण खरी आहे का हेसुद्धा तपासा, जुन्या इंजिनांची चाकं कधी ना कधी बदललेली असतात.

गगनबावडेकर

नुसतं वाचतोय पण लय शिकायला मिळतंय. आमच्या घरी असंच एक पडून आहे.

पंचगंगाकाठ

केलं. मिस्त्रींना पण बोलावून घेतलं, ते आधी जरा नाराज होते पण रेघा मारायला लागल्यावर त्यांनाही रस आला, पुशरॉड त्यांनीच धरले.

गॅप आधी. एक्झॉस्टला गॅपच नव्हता, इनलेटला फारच जास्त. पुस्तक माळ्यावर ट्रंकेत सापडलं, कडेनं वाळवी लागलीय पण आकडे वाचता येतात, त्याप्रमाणं दोन्ही लावले. पुशरॉड काचेवर लोळवले, दोन्ही सरळ आहेत. टॉपची खूण तपासायला नोझल काढून जाड वायरीला वरच्या बाजूला आकडा करून भोकातून पिस्टनवर टेकवली, चाक दोन्हीकडून सारख्या उंचीला आणून मधला बिंदू काढला, खूण बरोबर आहे. कॅम गिअरचे दात ५०, हे मिस्त्रींकडच्या जुन्या गिअरवर मोजले, नवीनपण तेवढेच होते म्हणाले.

चाकाचा घेर १५१ सेंमी. म्हणजे एक अंश म्हणजे ४.२ मिमीच्या आसपास. आता रेघा. इनलेट उघडायला लागतोय ते टॉपच्या खुणेनंतर ४.४ सेंमीवर. एक्झॉस्ट बंद होतोय खुणेनंतर ७.८ सेंमीवर. दोन्ही नंतरच! हे चुकीचं आहे एवढं मला पण कळलं, पण किती चुकीचं ते सांगा.

आयटीआयवाली

फार छान मोजलंत. आता गणित. दोन रेघांचा मध्य ६.१ सेंमी, टॉपच्या नंतर. तो टॉपवर किंवा अगदी जवळ पाहिजे होता. कॅम गिअरला ५० दात, एक दात म्हणजे कॅमचे ७.२ अंश, क्रँकचे त्याच्या दुप्पट, १४.४. तुमच्या चाकावर १४.४ अंश म्हणजे ६ सेंमी. एक दात, उशिरा. गोष्ट इतकी सरळ फार कमी वेळा जुळून येते.

आणि तुमची सगळी लक्षणं ह्यात बसतात. इनलेट १४ अंश उशिरा बंद होतोय म्हणजे पिस्टन वर यायला लागल्यावरही आत आलेली हवा परत इनलेटमधून बाहेर ढकलली जाते, तो सुस्कारा. त्यात एक्झॉस्टला गॅप नव्हता, ती गळती वेगळी. राहिलेली हवा कमी, म्हणून दाब कमी, म्हणून पुरेशी गरम नाही. वर डिझेलही १४ अंश उशिरा पडतंय. हँडलनं फिरवताना वेग कमी, भिंती थंड, मग पांढरा धूर. पंपाची आणि नोझलची ह्यात काही चूक दिसत नाही मला.

रंकाळ्यावरचा

एवढं सगळं खडू आणि टेपवर 🙏

शाहूपुरी_पार्ट्स

मधेच बोलतो. दात फिरवायला कव्हर, पंप सगळं काढावं लागणार, त्यापेक्षा पंपाखालच्या शिम (पातळ पत्र्याचे तुकडे) काढून टायमिंग पुढं घ्या ना, पंप खाली बसला की डिझेल आधी पडतं. अर्ध्या तासाचं काम.

लेथवाला_शिरोली

नाही दादा, हे चुकीचं ठरेल. शिम काढली की डिझेल लवकर पडतं हे बरोबर, जास्त घातली की उशिरा. पण शिम ही एक दोन अंशाच्या फरकासाठी आहे, १४ अंशासाठी नाही. एवढ्या शिम काढल्या तर पंपाचा प्लंजर (डिझेल दाबणारा दांडा) वर जाऊन डिलिव्हरी व्हॉल्व्हला धडकेल, चांगला पंप हातानं मोडायचा. आणि व्हॉल्व्हचं टायमिंग तर तिथल्या तिथंच राहणार, हवेचा दाब कुठनं आणणार? दातच फिरवला पाहिजे.

पंचगंगाकाठ, कॅम त्याच्या स्वतःच्या फिरायच्या दिशेनं एक दात पुढं घ्यायचा. क्रँकला डायरेक्ट लागलेला गिअर आहे म्हणजे कॅम क्रँकच्या उलट्या दिशेला फिरतो, इथं लोक घोटाळा करतात. पंप आधी काढा, त्याच्याखालच्या जुन्या शिम एका तारेत ओवून ठेवा. पुशरॉड काढून टॅपेट वर उचलून धरा, मग शाफ्ट बाहेर घ्या. परत घालताना कॅमना आणि टॅपेटच्या बुडाला ऑईल चोपडून घाला, कोरडं फिरलं तर नवीन कॅम पहिल्याच दिवशी खरवडतो. पूर्ण बसल्यावर, कव्हर लावायच्या आधी, परत रेघा.

उद्यमनगरी_काका

आणि पंप परत बसवताना त्याच्या रॅकची पिन गव्हर्नरच्या (इंजिनाचा वेग आवरणाऱ्या भागाच्या) फोर्कमध्ये गेलीय ना हे बोटानं हलवून बघायचं. न बघता पंप दाबून बोल्ट आवळले की रॅक बाहेर राहतो. मग एकतर डिझेल बंद, इंजिन उठतच नाही, किंवा रॅक पूर्ण उघडा राहून इंजिन सुसाट सुटतं आणि आवरत नाही. दुसरं जास्त वाईट. चालू करताना एक माणूस हवेच्या तोंडाशी लाकडी फळी घेऊन उभा ठेवा, सुटलं तर तोंड बंद करायला. हात लावायचा नाही तिथं.

पंचगंगाकाठ

शाफ्ट काढून घातला. लेथवाला दादांनी म्हटल्यासारखंच झालं, तोंडाशी डॉट जुळवले की आत बसेपर्यंत सरकतात, दोनदा बघितलं मुद्दाम. आता पूर्ण बसल्यावर डॉट समोरासमोर आहेत. रेघा परत मारल्या, इनलेट टॉपच्या १.७ सेंमी आधी, एक्झॉस्ट १.८ नंतर. चाक फिरवलं तर कॉम्प्रेशनला अडून मागं येतंय, पूर्वीसारखं! अजून चालू केलं नाही, डिझेल पडायचं टायमिंग पण तपासावं म्हणतो कारण टॅपेट नवीन आहे. कसं बघायचं?

आयटीआयवाली

थांबलात ते बरं केलंत. नोझलला जाणारी नळी पंपाच्या बाजूनं काढा. डिलिव्हरी व्हॉल्व्ह होल्डर उघडून आतला व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग काढून स्वच्छ डिझेलच्या वाटीत ठेवा, धूळ लागू देऊ नका, होल्डर परत लावा. टाकीचा कॉक उघडला, रॅक चालू स्थितीत ठेवला की वरून डिझेल वाहायला लागेल. चाक कॉम्प्रेशनच्या टॉपच्या बरंच आधीपासून हळू पुढं आणा. डिझेल वाहायचं थांबून शेवटचा थेंब अडतो तिथं तारेसमोर रेघ. तिथून इंजेक्शन सुरू होतं. चाकावर टॉपच्या आधी दुसरी खूण असेल, नाहीतर पुस्तकात अंश दिलेले असतील, त्याच्याशी ताडून बघा.

झाल्यावर व्हॉल्व्ह परत घाला, एअर काढा. आधी फिल्टरच्या स्क्रूला, मग पंपाच्या, शेवटी नोझलकडची नट सैल ठेवून. नोझल बाहेर काढून फवारा बघायचा मोह झाला तर हात समोर धरू नका कुणी, त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत शिरतं आणि ती जखम साधी नसते.

पंचगंगाकाठ

खुणेपेक्षा १ सेंमी उशिरा थांबत होतं. एक पातळ शिम काढली, आता खुणेवर आलं. रॅकची पिन फोर्कात आहे, बघितली. एअर काढली, लिव्हर उचलून फिरवताना नोझलचा कर्र कर्र आवाज यायला लागला.

आणि चालू झालं मंडळी!! पहिल्यांदा लिव्हर सोडली तेव्हा दोन ठोके देऊन थांबलं, परत फिरवून सोडली आणि धरलं ते धरलंच. थोडा वेळ पांढुरका धूर, मग साफ. मिस्त्रींनी फळी बाजूला ठेवून पहिल्यांदा घाम पुसला. पंपाला जोडलं, पाणी पाटात आलंय, लागणीत पोचलं पण. आईनं मिस्त्रींना जेवायला थांबवून घेतलंय. तुमच्यापैकी कुणीही ह्या बाजूला आलात तर घरी आल्याशिवाय जायचं नाही.

रंकाळ्यावरचा

नाद खुळा! 👌

गगनबावडेकर

जुन्या काळातल्या नावाजलेल्या कारागीर म्हादबा मेस्त्रींच्या कोल्हापुरात अजून अशी माणसं आहेत हे बघून बरं वाटलं. माझंपण इंजिन काढतो आता बाहेर.

लेथवाला_शिरोली

अभिनंदन. आता लगेच पूर्ण लोडवर चार तास चालवू नका. नवीन कॅम आणि टॅपेट एकमेकांवर बसायला थोडा वेळ द्या, अर्ध्या लोडवर चालवा आणि अधूनमधून टॅपेटच्या बाजूला कान द्या. ऑईल कुठलं आहे आत?

पंचगंगाकाठ

ऑईल जुनंच आहे, खोलताना गाळून परत घातलं होतं. जरा पातळ वाटतंय आणि डिझेलचा वास आहे.

उद्यमनगरी_काका

ते आजच काढा. इतक्या वेळा न पेटलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरलंय, ते ऑईलमधे मिसळलं की ऑईल राहत नाही. तुमचा आधीचा कॅम झिजला त्याचं कारणही बहुतेक असलंच पातळ झालेलं ऑईल असणार. पुस्तकात दिलेल्या ग्रेडचं नवीन भरा, जाळी डिझेलनं धुवा, आणि हे नवीन ऑईलसुद्धा नेहमीपेक्षा लवकर बदला कारण कॅम बसताना पहिली बारीक भुकटी त्यातच पडते.

पंचगंगाकाठ

बरं काका, लागलीच बंद करून काढतो. टॅपेट गॅप परत बघू ना? गरम असताना का थंड?

आयटीआयवाली

थंड. रात्रभर राहू द्या, सकाळी हँडल मारायच्या आधी बघा. एक्झॉस्टचा कमी झालेला असेल तर परत पुस्तकातल्या आकड्याला आणा आणि आकडा ट्रंकेत न ठेवता इंजिनावर रंगानं लिहून टाका.